घळींनी राखलेलं गाव

शिकागोहून उत्तरेकडे निघालेली मेट्रा रेल्वे तासाभरात हायलंड पार्कला येते. वाटेत एव्हन्स्टन, विल्मेट, विनेट्का अशी एकापेक्षा एक देखणी गावं लागतात. या सगळ्या गावांच्या पूर्वेला मिशिगन सरोवर आहे, रुळांपासून जेमतेम मैलभरावर, पण गाडीच्या खिडकीतून ते दिसत नाही. दिसतात ती झाडं आणि झाडांमागची घरं. सरोवर आधी कळतं ते अंगाला. जूनच्या उन्हात शहर भाजत असतं, आणि इथे प्लॅटफॉर्मवर पाऊल टाकलं की पूर्वेकडून ओल्या दगडांचा वास घेऊन गार झुळूक येते. मे महिन्यात काठाजवळची लायलॅक आतल्या वस्तीतल्या लायलॅकपेक्षा उशिरा फुलते, कारण हिवाळाभर साठवलेला गारठा पाणी सहजासहजी सोडत नाही. उन्हाळ्याची ऊबही ते तसंच धरून ठेवतं, म्हणून पानगळीच्या दिवसांत पहिलं कडक हिंव काठाला सर्वांत शेवटी पोचतं. इथे राहणाऱ्याचं पंचांग पाणी ठरवतं.

काठावर उभं राहिलं की शाळेच्या नकाशात निळ्या खडूने रंगवलेली पंचमहासरोवरं आठवतात, आणि बोटाच्या पेराएवढ्या त्या निळ्या खुणेचा हा विस्तार बघून मन नम्र होतं. क्षेत्रफळ सुमारे 58,000 चौरस किलोमीटर. आपलं अख्खं कोकण जवळजवळ दोनदा मावेल एवढं. सर्वांत खोल जागी 281 मीटर पाणी. पैलतीर दिसत नाही. वादळात लाटा समुद्राला शोभतील अशा उसळतात, पण समुद्राची भरती-ओहोटी इथे नाही, आणि पाणी गोडं. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात सुटला की काठचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि त्याच्या जागी तळचं गारढोण पाणी वर येतं. काल मुलं पोहत होती तिथे आज घोटे बधिर होतात. जानेवारीत उणे वीसच्या थंडीत पाण्यावरून वाफा उठतात, काठाला बर्फाचे बांध तयार होतात, आणि त्या बांधांच्या आतल्या पोकळीत लाट शिरली की लांबवर ढोल घुमल्यासारखा आवाज येतो. तो ऐकायला मी भर थंडीतही जाते.

पण या गावाचं खरं रहस्य सरोवरात नाही, सरोवराकडे जाणाऱ्या घळींत आहे.

हायलंड पार्क उंच कड्यावर वसलेलं आहे. हा कडा आपल्या सह्याद्रीसारखा कातळाचा नव्हे. चिकणमाती, वाळू आणि गोटे यांची ती रास आहे, हिमनदीने आणून टाकलेली. सुमारे 14 हजार वर्षांपूर्वी बर्फ इथून उत्तरेला हटला आणि मागे हिमोढांच्या लांबच लांब टेकड्या राहिल्या. त्यांच्यावर पडलेलं पावसाचं पाणी सरोवराकडे धावलं, आणि धावताना माती चिरत गेलं. त्या चिरा हजारो वर्षं खोल होत होत आजच्या घळी झाल्या. गावातल्या अंगणांच्या, रस्त्यांच्या, शाळांच्या मधून त्या वळणं घेत काठाला मिळतात. पुलावरून चालताना सहज खाली बघावं तर मेपलचे शेंडे पायांच्या खाली असतात.

कड्याच्या पायथ्याशी मातीतून निखळलेला एक गोटा मी घरी खिडकीत ठेवला आहे. लालसर ग्रॅनाइट, मुठीत मावेल एवढा. एक बाजू गुळगुळीत सपाट घासलेली, आणि त्या सपाटीवर एकमेकांना समांतर असे बारीक ओरखडे. या भागाच्या पोटातला खडक डोलोमाइट आहे. ग्रॅनाइट इथला नाहीच. बर्फाने तो उत्तरेकडून, शेकडो मैलांवरून, तळाशी दाबून रगडत आणला. ओरखडे त्या प्रवासाचे. पाहुणे आले की मी तो त्यांच्या हातात देते. भिंतीवरच्या कुठल्याही चित्रापेक्षा लोक त्याच्याकडे जास्त वेळ बघतात.

या जमिनीवर आधी पोटावाटोमी लोक राहत. शिकागोहून उत्तरेकडे जाणारी त्यांची पायवाट आज ग्रीन बे रोड म्हणून आपल्या मोटारींखाली आहे. 1833च्या तहाने त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे जावं लागलं. या सुंदर गावाबद्दल लिहिताना हे वाक्य गाळून पुढे जाणं मला जमत नाही. 1855 साली रेल्वे आली, 1869 मध्ये गाव रीतसर स्थापन झालं, आणि शिकागोतली श्रीमंत माणसं धूर-गर्दीपासून लांब, पाण्याजवळ घरं शोधत इकडे येऊ लागली.

तेव्हा या घळींचं काय करायचं, हा प्रश्न आलाच असणार. अमेरिकेच्या मध्यभागात गावं आखायची ठरलेली रीत म्हणजे काटकोन. सरळ रस्ते, चौकोनी तुकडे, विक्रीला सोपे. हायलंड पार्कचं नशीब असं, की 1870च्या दशकात आखणीचं काम होरेस क्लीव्हलंड आणि विल्यम फ्रेंच या दोघांकडे आलं. त्यांनी घळी बुजवल्या नाहीत. रस्त्यांनाच घळींच्या कलाने वळायला लावलं. विल्यम फ्रेंच पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक झाले. वॉशिंग्टनच्या स्मारकात बसलेला लिंकन घडवणारे शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच हे त्यांचे धाकटे भाऊ. एका भावाने संगमरवर घडवला. दुसऱ्याने इथे मातीला हात न लावण्याचं शहाणपण दाखवलं, आणि माझ्या लेखी त्या न लावलेल्या हाताचं मोल मोठं आहे. या गावातली पहिली कलाकृती म्हणजे त्याचे रस्ते. फ्रँक लॉइड राइट यांनी 1902च्या सुमारास इथे बांधलेलं विलिट्स यांचं घर बघायला लांबून लोक येतात, आणि त्या आडव्या, जमिनीशी समांतर पसरलेल्या छपरांपुढे उभं राहावंसं वाटतंच. पण मी पाहुण्यांना आधी वळणांच्या रस्त्यांवरून चालत नेते.

घळीत उतरावं ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. वर रस्त्यावर लख्ख ऊन असतं आणि खाली दहा-पंधरा पावलांत हवा बदलते. ओलसर, गार, कुजत्या पानांच्या गोडसर वासाची. या गारव्यामुळेच इथे अशी झाडं टिकली आहेत जी एरवी शेकडो मैल उत्तरेला सापडतात. पांढरी साल सोलून निघणारा बर्च, पांढरा पाइन, आणि आपल्याकडे अंगणात लावतात त्या मोरपंखीच्याच कुळातलं, इथे उतारावर आपसूक वाढलेलं झाड. बर्फ परत फिरला तेव्हा उत्तरेकडच्या वनांबरोबर ही झाडंही मागे सरली. घळींनी मात्र काहींना आसरा दिला. आणि नोव्हेंबर अशासाठी, की सगळं रान पानं टाकून मोकळं झालेलं असताना विच हेझल फुलतं. माणसापेक्षा थोडं उंच, वेडंवाकडं झुडूप. फांदीवर एकही पान नाही, आणि फुलाला चार पिवळ्या पाकळ्या, कातरून काढलेल्या कागदाच्या पट्ट्यांसारख्या अरुंद, चुरगळलेल्या. थंडी वाढली की त्या पट्ट्या गुंडाळून घेतात, ऊन आलं की उलगडतात. त्याच फांदीवर गेल्या वर्षीच्या फुलांची बोंडं पिकलेली असतात. वाळत आलेलं बोंड एकदम उकलतं आणि काळं चकचकीत बी कित्येक फूट लांब उडतं. शांत उभं राहिलं तर पाचोळ्यावर बी पडल्याचा टप् असा आवाज ऐकू येतो. बर्फ पडायच्या तोंडावर, जेव्हा दुसऱ्या कुणाचा धीर होत नाही, तेव्हा हे झुडूप फुलतं. त्याला हात जोडावेसे वाटतात.

या झाडांचं मोल ओळखणारा माणूस होता येन्स येन्सन. डेन्मार्कमध्ये 1860 साली जन्मलेला, अमेरिकेत येऊन शिकागोच्या बागांमध्ये मजूर म्हणून कामाला लागलेला. त्या काळी श्रीमंतांच्या बागेत परदेशी फुलझाडांचे गालिचे असत. येन्सन रविवारी आसपासच्या माळांवर, रानांत भटकत आणि तिथली रानटी म्हणून दुर्लक्षिलेली रोपं आणून शहरातल्या बागेत लावत. पुढे ते देशातले नामवंत उद्यानरचनाकार झाले, पण घर आणि काम करायची जागा त्यांनी निवडली ती हायलंड पार्कच्या रॅव्हिनिया भागात, घळीच्या कडेला. त्यांच्या बागांमध्ये एक गोष्ट हटकून असे. जमिनीपासून गुडघाभर उंचीचं दगडी आसन, गोल फिरलेलं, मध्ये शेकोटीची जागा. वर्तुळात कुणी वर बसत नाही, कुणी खाली नाही. पत्नीच्या निधनानंतर 1935 साली ते विस्कॉन्सिनमधल्या डोर द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला निघून गेले आणि तिथे त्यांनी शाळा काढली. इथे रॅव्हिनिया स्टेशनजवळ त्यांच्या नावाची लहानशी बाग आहे. कामावरून परतणारी माणसं तिथून जातात, आणि एखादा कुणीतरी दोन मिनिटं थांबतो.

रॅव्हिनिया हे नाव जगाला माहीत आहे ते संगीतामुळे. 1904 साली विजेच्या रेल्वेच्या एका कंपनीने, गाड्यांना प्रवासी मिळावेत म्हणून, रुळांलगत करमणुकीचं उद्यान काढलं. काही वर्षांत कंपनी बुडाली. 1911 साली आसपासच्या गावांतल्या लोकांनी पैसे उभे करून उद्यान विकत घेतलं आणि संगीतासाठी राखलं. पुढची वीस वर्षं इथे उन्हाळ्यात ऑपेरा रंगला. मंदीत दारं बंद झाली, आणि 1936 साली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा उन्हाळ्यापुरता इथे राहायला आला, तो आजवर येतो आहे. त्याच पहिल्या उन्हाळ्यात जॉर्ज गर्श्विन यांनी इथे पियानो वाजवला. वर्षभरात ते गेले. वय अवघं 38.

मंडपात खुर्च्या आहेत, पण रॅव्हिनियाचा जीव आहे तो बाहेरच्या हिरवळीत. तिथे बसलेल्या बहुतेकांना मंच दिसत नाही. ओकच्या झाडांखाली चादरी पसरायच्या, डबे उघडायचे, आणि झाडांमधून येणारे सूर ऐकायचे. आम्ही काही मराठी घरं मिळून जातो. कुणी दडपे पोहे आणतं, कुणी मसालेभात. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात जमिनीवर मांडी ठोकून रात्रीच्या रात्री ऐकत बसलेल्या माझ्या पिढीला ही बैठक परकी वाटत नाही. व्हायोलिनचा संथ सूर चालू असताना शेजारच्या रुळांवरून मेट्रा शिट्टी घालत जाते. रॉबिन पक्षी तिन्हीसांजेला आपलं म्हणणं सोडत नाहीत. कधी सरोवरावर वीज चमकते आणि गडगडाट ढोलांच्या अगोदर येऊन पोचतो. बंद सभागृहात हे सगळे व्यत्यय ठरले असते. इथे हजारो माणसं एका हिरवळीवर गप्प बसलेली असतात आणि झाडं, गाडी, पाऊस या सगळ्यांना आपापला वाटा मिळतो. ऐकायची ही रीत या गावाला घळींनीच शिकवली असं मला मनापासून वाटतं. घळीत मोठ्याने बोलवतच नाही.

आणि 17 वर्षांनी एकदा ऑर्केस्ट्राला सुद्धा गप्प बसावं लागतं. इथल्या मातीत सिकाडा नावाच्या किड्यांची एक पिढी झाडांच्या मुळांचा रस पीत 17 वर्षं वाढते. मग एका मे महिन्यात, वितभर खोल माती सुमारे 18 अंशांपर्यंत तापली की सगळे किडे एकदम वर येतात, खोडांवर चढून कात टाकतात आणि नर गाऊ लागतात. 2007 साली त्यांचा आवाज लक्षात घेऊन रॅव्हिनियाने कार्यक्रमांचं वेळापत्रक बदललं होतं. 2024 मध्ये ते पुन्हा आले. दुपारी घळीच्या काठावर उभं राहून शेजारच्याशी बोलता येत नव्हतं. लाल डोळे, नारिंगी शिरांचे पारदर्शक पंख. हातावर बसला तर निरुपद्रवी, जरा भांबावलेला वाटणारा जीव. एक गोष्ट मी तेव्हा नीट पाहिली. जुन्या ओकखाली जमिनीला शेकडो भोकं पडली होती, आणि नव्याने खोदून, सपाट करून, हिरवळ अंथरलेल्या आवारात जवळजवळ एकही नाही. झाड तोडलं, माती उकरली, की तिच्यातली सबंध पिढी संपते. कुठली जमीन आपण सांभाळली आणि कुठली नाही, याचा हिशेब त्या भोकांनी उघड्यावर मांडला होता.

इथला पैसा डोळ्यांत भरतो, तो लपवण्यात अर्थ नाही. काठावरची घरं मोठी, फाटकं बंद. मिशिगन राज्यात 2005 साली आणि इंडियानात 2018 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयांनी सरोवराच्या काठाने चालण्याचा सर्वांचा हक्क मान्य केला. इलिनॉयमध्ये मात्र खासगी मालकी थेट पाण्याच्या कडेपर्यंत पोचते. एवढं अफाट पाणी आणि त्याच्या कडेने गावभर सलग चालायची सोय नाही, हे मला बोचतं आणि बोचत राहील. म्हणूनच रोझवुड पार्कला गेलं की बरं वाटतं. सिअर्स कंपनीचे अध्यक्ष ज्युलियस रोझनवाल्ड यांची ही इस्टेट. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळजवळ 5,000 शाळा उभ्या राहायला ज्यांच्या पैशाने हात दिला, ते हे गृहस्थ. त्यांच्या आवाराची रचना येन्सन यांनीच केली होती. आज ती जागा सार्वजनिक बाग आहे, खाली सगळ्यांसाठी वाळूचा किनारा आहे.

आई वाईहून आली तेव्हा मी तिला तिथेच नेलं. कृष्णेच्या घाटावर वाढलेली बाई. पायऱ्या उतरून ती थेट पाण्यापाशी गेली, चपला काढल्या, वाकून ओंजळ भरली आणि आधी जिभेला लावून बघितली.

“अगं, गोडं आहे!” ती म्हणाली. “एवढं सगळं?”

“हो. आपल्या नळाला येतं ते हेच.”

मग तिने ती ओंजळ सूर्याकडे तोंड करून परत पाण्यात सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. पाणी डोळ्यांना लावलं. “मग नमस्कार केलास का कधी हिला? रोज पितेस ना?” आजूबाजूला मुलं वाळूत खेळत होती. मी चपला काढल्या.

4 जुलै 2022 रोजी गावाच्या मुख्य रस्त्यावर, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत, गोळीबार होऊन सात माणसं गेली. त्याबद्दल लिहायला माझ्यापाशी शब्द नाहीत. त्या आठवड्यात मी किनाऱ्यावर जात होते. ओळखीच्या आणि अनोळखी माणसांच्या शेजारी बसत होते, आणि कुणी बोलत नव्हतं.

पाणी इथे दिलासा देतं, तसं घेतंही. जानेवारी 2013 मध्ये सरोवराची पातळी मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत खाली गेली होती. 2020च्या उन्हाळ्यापर्यंत ती पावणेदोन मीटरहून अधिक चढली. लाटा कड्याच्या पायथ्याला भिडल्या, किनारे नाहीसे झाले, दरडी कोसळल्या. घळींचं दुखणं मात्र वरून येतं. छपरं, फरसबंद अंगणं, रस्ते यांवरचं पाणी जिरायला जागा न मिळाल्याने एकदम घळीत कोसळतं आणि तळ आणखी खोल खणतं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याबरोबर उतरतं. तीव्र उतारावर बांधकामाला गावाने वेगळे नियम केले आहेत, ते चांगलंच आहे, पण नियमाने पाचोळ्याखालची माती धरून ठेवता येत नाही. ती मुळं धरतात.

आणि मुळांचा शत्रू म्हणजे बकथॉर्न. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं हे झुडूप रानात शिरलं. त्याला सगळ्यांच्या आधी पालवी फुटते आणि पानं सगळ्यांच्या शेवटी गळतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जमिनीलगत फुलणाऱ्या रोपांना ऊन मिळत नाही. ती मेली की माती उघडी पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. म्हणून पानगळ झाली की शनिवारी सकाळी आम्ही काही जण करवती आणि कातऱ्या घेऊन घळीत उतरतो. ओळखायची खूण सोपी आहे. फांदी थोडी कापायची आणि आतलं लाकूड बघायचं. नारिंगी दिसलं तर बकथॉर्न. जिथे चार-पाच वर्षांपूर्वी तोडणी केली तिथे आता ब्लडरूट आणि पांढरं ट्रिलियम परत दिसू लागलं आहे. ट्रिलियमचं बी मुंग्या वाहून नेतात, आणि बीपासून पहिलं फूल यायला सात वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणजे फुललेली ही रोपं सावलीत दबून, पान तेवढं काढत, इतकी वर्षं तग धरून होती.

गेल्या खेपेला गावातल्या हायस्कुलची मुलं आली होती. एकाने सुरुवातीलाच सांगितलं, व्हायोलिनचा क्लास आहे, अकराला निघेन. साडेदहापर्यंत तो हातमोजे घालून खाली वाकलेला होता. निघताना मी म्हटलं, बोटं सांभाळ रे. तो हसला, आणि तोडलेल्या बकथॉर्नच्या दोन जाडजूड मोळ्या ओढत घळ चढून वर रस्त्यावर घेऊन गेला.